नाव कुठल्या शब्दाखाली सापडतं: चार इमलीतल्या नोकऱ्यांचा इतिहास



चार इमलीबद्दल इथे बरंच लिहून झालंय. बंगल्यांची आवारं, एकांत पार्कातलं फिरणं, बिट्टन मार्केटची भाजी, गणपतीतल्या एकांकिका, सगळं आलं. नोकरीबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. खरं तर आपण सगळे भोपाळात आलो ते नोकरीमुळेच. आपल्या वडीलधाऱ्यांना ती नोकरीच इथे घेऊन आली. पुढे त्यांच्या मुलांना, म्हणजे आम्हाला, आणि मग आमच्या मुलांना नोकरी देणाऱ्यांनी कसं शोधून काढलं, हा इतिहास मी थोडा आतून पाहिलाय. वीसेक वर्षं एम. पी. नगरातल्या एका लहानशा प्लेसमेंट ब्यूरोत मी काम केलं आणि माणसं शोधणं हेच ते काम होतं. म्हणून लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात १ नोव्हेंबर १९५६पासून करावी लागेल. त्या दिवशी नवं मध्य प्रदेश राज्य झालं. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, मध्य भारताची ग्वाल्हेर आणि इंदूर, विंध्य प्रदेशाची रीवा. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण नागपूरच्या सचिवालयातले पुष्कळ मराठी बाबू फायलींसकट इकडे आले. माझे वडील त्यांच्यातलेच, लघुलेखक. या मंडळींसाठी घरं बांधली गेली आणि भोपाळच्या रीतीप्रमाणे त्यांना मोजून नावं पडली: १२५०, ११०० क्वार्टर्स, ७४ बंगले, ४५ बंगले. चार इमलीला निदान झाडांचं नाव मिळालं, तेही मोजूनच.

योगायोग बघा. अगदी त्याच तारखेला, १ नोव्हेंबर १९५६ला, देशातल्या रोजगार कार्यालयांचा रोजचा कारभार केंद्राकडून राज्यांकडे आला. ही कार्यालयं १९४५मध्ये निघाली ती महायुद्धातून सुटून येणाऱ्या सैनिकांना पुन्हा कामाला लावण्यासाठी. १९४८पासून ती सगळ्यांना खुली झाली. मग १९५९चा कायदा आला, तो १ मे १९६०पासून लागू झाला. सरकारी आस्थापनांनी, आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी (शेती सोडून), रिकाम्या जागा रोजगार कार्यालयाला कळवायच्या असा तो कायदा. कळवायच्या, एवढंच. माणूस तिथूनच घ्यायचा, असं त्यात नव्हतं. हा बारकावा पुढे महत्त्वाचा ठरला.

१९६० हे भोपाळसाठी मोठंच वर्ष. ६ नोव्हेंबरला पंडित नेहरूंच्या हस्ते हेवी इलेक्ट्रिकल्सचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं, आपलं मॅक्ट. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा गजबजले. आणि घराघरांत एक नवं वाक्य आलं: "निकाल लागला की आधी रोजगार दफ्तरात नाव घालून ये." सेवायोजन कार्यालय वगैरे शब्द महाराष्ट्रातले. आपल्याकडे ते रोजगार दफ्तरच.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे तुमच्या नावाची दोन कार्डं व्हायची. एक ओळखीचं, ते तुमच्याकडे, त्याला एक्स-टेन म्हणत. दुसरं एक्स-वन, ते त्यांच्या खणात. त्या दुसऱ्या कार्डावर तुमचं शिक्षण, जन्मतारीख, नोंदणीची तारीख आणि एक आकडा. हा आकडा राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण नावाच्या जाडजूड पुस्तकातून यायचा. ते १९५८मध्ये पहिल्यांदा तयार झालं, १९६८मध्ये सुधारलं. सुतार, कंपाउंडर, टंकलेखक, ओव्हरसियर, जगातल्या प्रत्येक कामाला त्यात एक क्रमांक. खणातली कार्डं त्या क्रमांकाने लावलेली. एखाद्या कचेरीतून मागणी आली, की बाबू त्या क्रमांकाचा गठ्ठा काढणार, नोंदणीच्या तारखेप्रमाणे वरची नावं उतरवणार आणि पाठवून देणार.

मंडळी, आजची मुलं ज्याला की-वर्ड सर्च म्हणतात ते हेच. फक्त शब्दाच्या जागी आकडा होता आणि यंत्राच्या जागी चष्मेवाले एक सक्सेनाजी किंवा तिवारीजी.

मी १९७६मध्ये हायर सेकंडरी झाल्यावर नाव घातलं. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "क्या-क्या आता है?" मी सांगितलं, हिंदी टायपिंग, इंग्रजी टायपिंग, मराठी वाचता-लिहिता येतं, पेटी वाजवते. त्यांनी वरही न बघता टायपिस्टचा क्रमांक घातला. बाकीचं त्या कार्डावर राहिलं नाही. मराठी येणं, हिशोब येणं, माणसांशी बोलता येणं, याला खण नव्हता. कार्डावर जे लिहिलं नाही ते तुमच्यात नाहीच, हा नियम मी तिथे पहिल्यांदा पाहिला. तो आजही बदललेला नाही.

पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आपल्या घरांना फार पटायची: रांग. आज नाव घातलं तर उद्या घालणाऱ्याच्या आधी तुमचा नंबर. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, नाहीतर ज्येष्ठता गेली. आमच्या घरी रेशन कार्डाशेजारी ही कार्डं असायची आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयावर लाल शाईने. सरकारी घराला हे शिकवावं लागत नव्हतं. वडिलांची बढती ज्येष्ठता यादीवर, क्वार्टर पगाराच्या टप्प्यावर आणि ज्येष्ठतेवर. चार इमलीत तर कोण ई टाइपमध्ये राहतो आणि कोण डी टाइपमध्ये, यावरून पोरं एकमेकांच्या वडिलांची पायरी ओळखत. थांबलं की मिळतं, यावर आपला विश्वास होता. मला कॉल चार वर्षांनी आला. तोवर माझं लग्न होऊन मी चार इमलीत, यजमानांच्या क्वार्टरमध्ये आले होते.

आता थोडं कटू लिहिते. रांग सगळ्यांसाठी सारखी होती का? खणाबाहेरही एक खण होता. चार इमलीतल्या बंगल्यातून गेलेला एक फोन शंभर कार्डांपेक्षा भारी पडायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. "साहेबांच्या ओळखीचा मुलगा आहे" हाही एक शोधशब्दच होता, आणि तो आपल्या कॉलनीतल्या पोरांना सहज मिळायचा. छोला किंवा जहांगीराबादच्या पोरांना नाही. रोजगार दफ्तराच्या आठवणी काढताना हे वगळलं तर इतिहास अर्धा राहील.

मक्तेदारी मोडली ती न्यायालयात. १९८७मध्ये हरगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बारकावा स्पष्ट केला: कायदा जागा कळवायला सांगतो, रोजगार कार्यालयातूनच भरती करा असं सांगत नाही. १९९६मध्ये विश्वेश्वर राव खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. रोजगार कार्यालयाकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रातही जाहिरात द्या आणि जे अर्ज करतील त्या सगळ्यांचा विचार करा. कारण उघड होतं. ज्याचं कार्ड खणात नाही, किंवा ज्याचं नाव बाबूने पाठवलंच नाही, त्याने काय करायचं?

तोवर खासगी नोकऱ्या वर्तमानपत्रांतून वाहू लागल्या होत्या. १९७६मध्ये सुरू झालेलं रोजगार समाचार सरकारी जागांसाठी, आणि खासगीसाठी इंग्रजी पेपरांच्या पुरवण्या. मंडीदीप आणि पीथमपूरला कारखाने आले. आणि आमच्यासारखे ब्यूरो उभे राहिले.

मी १९९४च्या सुमारास तिथे लागले. दोन खोल्या, एक फोन, एक गोदरेजचं कपाट. कपाटात बॉक्स फायली: अकौंट्स, स्टेनो, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, स्टोअर्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल. बायोडेटा यायचे ते टाइप केलेले, वर फोटो चिकटवलेला, आणि त्यात वडिलांचं नाव, धर्म, उंची, छंद, सगळं. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडेटा एकाच कारकुनाने टाइप केल्यासारखे दिसायचे. मी प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन-तीन शब्द लिहायची. "स्वभाव शांत." "स्कूटर आहे." "टॅली शिकतोय." "आई आजारी, भोपाळ सोडणार नाही." मंडीदीपहून एखाद्या मॅनेजरचा फोन आला की, "मॅडम, स्टोअरकीपर चाहिए, थोडी अंग्रेज़ी आती हो, रात की शिफ्ट कर ले," की फायलीच्या आधी डोक्यात चेहरा यायचा. चारशे बायोडेटांपर्यंत हे जमतं. चार हजारांना नाही जमत.

इकडे १९९७मध्ये नौकरी डॉट कॉम सुरू झालं. संजीव बिखचंदानी हे त्याचे संस्थापक. हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत असताना त्यांनी पाहिलं होतं, की ऑफिसात बिझनेस इंडियाचा अंक आला की लोक तो मागून उघडतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागच्या पानांवर. बदलायचं मनात नसलेलासुद्धा त्या जाहिराती वाचतो. यावर त्यांचा धंदा उभा राहिला. पुढे त्याच कंपनीकडे जीवनसाथी डॉट कॉमही आलं, तेव्हा मला माझे ते दोन सारखे बायोडेटे आठवून हसू आलं. नोकरी काय, स्थळ काय, गाळणी तीच: वय, शिक्षण, गाव, पगार.

सुरुवातीला लोकांना वाटायचं की या साइटा म्हणजे जाहिरातींचा फळा. जाहिरात बघा, अर्ज करा. खरा मोठा भाग दुसऱ्या बाजूला होता आणि तो उमेदवाराला दिसायचा नाही. लाखो लोकांनी भरलेले रेझ्युमे एका पेढीत साठत होते. कंपन्या आणि आमच्यासारखे ब्यूरो पैसे भरून त्या पेढीची किल्ली घ्यायचे. २००३-०४च्या सुमारास आमच्या मालकांनी तो पासवर्ड घेतला आणि गोदरेजचं कपाट हळूहळू रद्दीत गेलं.

आता ते आतून कसं चालतं ते सांगते. कारण आजही आपल्या घरांतून "अर्ज तर केलाय, उत्तरच येत नाही" असं ऐकू येतं.

शोधणाऱ्यासमोर रिकामी चौकट असते. त्यात शब्द घालायचे. हे हवेतच, हे असले तर चालतील, हे नकोत. यामागचं तर्कशास्त्र जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं, १८५४च्या पुस्तकातलं. आणि, किंवा, नाही, या तीन शब्दांवर सगळा डोलारा. "ट्रान्सफॉर्मर आणि डिझाइन, पण सेल्स नाही" असं लिहिलं की विक्रीवाले गळतात. मात्र डिझाइन करणाऱ्या एखाद्या बिचाऱ्याने "सेल्स टीमला मदत केली" असं प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर तोही गळतो. त्यानंतर गाळण्या लागतात: अनुभव किती वर्षं, सध्याचा पगार, गाव, पदवी, किती दिवसांत रुजू होणार. आणि एक गाळणी लोकांना माहीतच नसते: उमेदवार साइटवर शेवटचा कधी येऊन गेला. पंधरा दिवस, महिना, तीन महिने. शोधणाऱ्याला घाई असते, तो ताज्या माणसांपासून सुरुवात करतो. वर्षभर ज्याने खातं उघडलं नाही तो कितीही गुणी असो, पार तळाला.

मग यादी येते. तीनशे नावं. मी आणि माझ्यासारखे इतर, आम्ही तीनशे उघडत नव्हतो. पहिली तीस-चाळीस, त्यातही नावाखालची ओळ, कौशल्यांचे शब्द आणि सध्याची कंपनी यावर नजर फिरवून दहा उघडायचे. संध्याकाळी पाचपर्यंत क्लायंटला पाच नावं द्यायची असायची.

आता भोपाळच्या माणसाची यात कशी गंमत होते बघा. यंत्राला अर्थ कळत नव्हता, अक्षरं कळत होती. मॅक्ट २००२मध्ये एनआयटी झालं आणि नाव मॅनिट झालं. बंगळूरुची कंपनी "एनआयटी" असं शोधणार. आपल्या १९९०च्या इंजिनिअरने लिहिलेलं असणार "एम. ए. सी. टी." दोघं एकाच इमारतीबद्दल बोलतायत आणि भेट नाही. १९७०चं भोपाळ विद्यापीठ १९८८मध्ये बरकतउल्ला झालं. १९९८मध्ये तंत्रशिक्षणासाठी राजीव गांधी विद्यापीठ आलं. एका घरातल्या तीन भावांच्या पदव्यांवर तीन नावं. हेवी इलेक्ट्रिकल्स १९७४मध्ये भेलमध्ये विलीन झालं, पण पिपलानीतले काका मरेपर्यंत "हेवी इलेक्ट्रिकल" म्हणायचे आणि बायोडेट्यातही तेच. माझ्या वडिलांचं काम घ्या. सरकारात लघुलेखक, बाजारात स्टेनो, नव्या कंपनीत एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. काम तेच: साहेबाचं ऐकायचं, लिहायचं, सांभाळायचं. वडिलांचे एक धाकटे सहकारी निवृत्तीनंतर काम शोधत आमच्याकडे आले होते. त्यांच्या कागदावर "शीघ्रलेखन १०० शब्द प्रति मिनिट" होतं आणि आमच्याकडे मागणी होती ती एक्झिक्युटिव्ह असिस्टंटची. मी त्यांना नवा शब्द लिहायला सांगितला. ते म्हणाले, "ताई, छत्तीस वर्षं जे होतो ते खोडून टाकू का?" मी म्हटलं, खोडू नका, शेजारी लिहा.

त्यांना काम मिळालं. पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला. खणाच्या काळात बाबू तुमचा क्रमांक ठरवायचा. आता तुमचं नाव तुम्हीच ठेवायचं, पण ते समोरच्याच्या मनातल्या शब्दाशी जुळलं पाहिजे, आणि तो शब्द तुम्हाला कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त बायका हरवल्या. आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या सूनबाईंचं सांगते, त्यांच्या परवानगीने आणि नावाशिवाय. मॅक्टची इलेक्ट्रिकलची पदवी, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात सहा वर्षं ट्रान्सफॉर्मरची डिझाइनं. मग मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि सात वर्षं घरात गेली. २००८मध्ये त्यांनी पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. दीड वर्षात एकही फोन नाही. घरातली माणसं म्हणायला लागली की आता राहू दे, शाळेत शिकव.

एका दुपारी मी ऑफिसात बसून, जसं एखादी कंपनी शोधेल तसं, त्यांना शोधून पाहिलं. सापडल्या नाहीत. मग कारणं बघत गेले. रेझ्युमेच्या मथळ्यावर "होममेकर, पुन्हा करिअर सुरू करण्यास उत्सुक". ट्रान्सफॉर्मर हा शब्द कुठेच नाही, कारखान्याच्या माहितीपत्रकातला "पॉवर इक्विपमेंट" होता. ज्या सॉफ्टवेअरवर काम केलं त्याचं नाव नाही. कागद स्कॅन करून चढवलेला, म्हणजे यंत्राच्या लेखी ते चित्र, त्यात वाचायला अक्षरच नाही. आणि खातं आठ महिन्यांत उघडलेलं नाही. बाईंच्या हुशारीत काही कमी नव्हतं. त्या ज्या खणात होत्या तो खण कुणी उघडतच नव्हतं.

आम्ही दोघींनी बसून कागद पुन्हा लिहिला. एक अक्षर खोटं नाही. किती केव्हीएची डिझाइनं केली, कुठल्या मानकांप्रमाणे, कोणत्या साधनावर, ते सगळं आलं. सात वर्षांचा खंड लपवला नाही, एका ओळीत लिहिला. तीन आठवड्यांत दोन फोन आले, एक पुण्याहून. यजमानांची नोकरी वल्लभ भवनात, घर चार इमलीत, मुलगी शाळेत. घरात काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. त्या गेल्या. मुलीला घेऊन गेल्या. सासरे सहा महिने बोलत नव्हते. नंतर तेच पुण्याला जाऊन राहून आले.

हे फक्त आपल्याकडचं नाही, हे मला पुढे वाचनातून कळलं. २०२१मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांचा अहवाल आला. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांना विचारून त्यांनी लिहिलं, की जवळजवळ निम्म्या कंपन्यांच्या गाळण्या सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड दिसला की माणूस बाजूला टाकतात. खंड कशामुळे, हे यंत्र विचारत नाही. बाळंतपण असो, आजारपण असो, आईची सेवा असो. आणि चांगली माणसं अशी गळून जातात हे बहुतेक कंपन्यांना स्वतःलाही मान्य होतं. त्याआधी २०१८मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती: ॲमेझॉनने रेझ्युमे निवडणारं यंत्र बनवलं, त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवून शिकवलं, आणि ते बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे यंत्र "महिलांचा" हा शब्द दिसला की गुण कापायला शिकलं. कंपनीने ते यंत्र सोडून दिलं.

आणि आडनावाचं काय? आपले अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्याबरोबर केलेला अभ्यास २००७मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी लक्षणीय कमी आली. मुसलमान नावांनाही कमी. मी हा अभ्यास वाचला तेव्हा माझ्या पेन्सिलीच्या खुणा आठवल्या आणि क्लायंटचे फोनही. "घराणं कसं आहे?" हा प्रश्न स्टोअरकीपरसाठीसुद्धा विचारला जायचा. आपल्या आडनावांना तो दरवाजा बंद नव्हता, म्हणून आपल्याला तो कधी दिसला नाही. चौकटीत आडनाव टाइप करावं लागत नाही, हा यंत्राचा फायदा. पण यादीत नाव दिसतंच, आणि यादी वाचतो तो माणूसच.

म्हणून जुनं चांगलं की नवं, असं कुणी विचारलं तर मला एका शब्दात सांगता येत नाही. रांग गेली, हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल. रोजगार दफ्तरात थांबणाऱ्याचा नंबर केव्हातरी यायचा, निदान यायला हवा असा नियम तरी होता. रेझ्युमेच्या पेढीत आधी आलेल्याला काही मान नाही. दहा वर्षं नाव घालून बसलेला आणि काल सकाळी आलेला, यांत कालचा वर. ज्येष्ठतेवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण याच पेढीतून पिपलानीतल्या, बैरागढच्या, ज्यांच्या घरून कुठल्याही बंगल्यात फोन जाऊ शकत नव्हता अशा किती पोरांना पुणे, हैदराबाद, बंगळूरुहून बोलावणी आली, ते मी स्वतः पाठवलेल्या यादीत पाहिलं आहे. चार इमलीच्या फोनची किंमत उतरली. आपल्या घरांना ते झोंबलं, पण शहरासाठी बरं झालं, असं मी म्हणेन. नवीन कुंपणही उभं राहिलं ते इंग्रजी शब्दांचं. हिंदी माध्यमातून शिकलेला, हातात कसब असलेला मुलगा आपलं काम नेमक्या इंग्रजी शब्दात लिहू शकत नाही, म्हणून आजही तळाला राहतो.

रोजगार कार्यालयंही बदलली. २० जुलै २०१५ला केंद्राने राष्ट्रीय करिअर सेवेचं पोर्टल सुरू केलं. त्याच वर्षी व्यवसायांचं ते जाडजूड पुस्तक पुन्हा सुधारलं, आता आकडा आठ अंकी आहे. मी निवृत्त झाले तेव्हा लिंक्डइन सगळीकडे होतं. आता म्हणे यंत्राला शब्दांचे अर्थही थोडे कळतात, लघुलेखक आणि एक्झिक्युटिव्ह असिस्टंट हे भाऊ आहेत हे त्याला समजतं. समजत असेल. पण शोधणारा अजून घाईत आहे आणि वरची तीसच नावं बघतो आहे, हे मी खात्रीने सांगते. म्हणून ज्यांच्या घरात कुणी नोकरी शोधतंय, विशेषतः खंडानंतर शोधतंय, त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. त्यांनी काय काम केलं ते त्यांना तोंडाने सांगू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. बोलताना माणूस जे शब्द वापरतो ते बरेचदा कागदावर आलेलेच नसतात. मग ते शब्द जाहिरातींशेजारी ठेवून बघा. खोटं काही लिहू नका, फोनवरच्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

जाता जाता एक विनंती. रोजगार दफ्तराचं ते जुनं एक्स-टेन कार्ड कुणाच्या ट्रंकेत, लग्नाच्या साडीखाली वगैरे राहिलं असेल तर फोटो टाका. माझं १९८८च्या घरबदलीत गेलं. आणि तुमच्या घरातल्या कुणाचं नाव कुठल्या शब्दाखाली सापडलं, किंवा सापडलंच नाही, तेही लिहा. आपल्या भोपाळच्या मराठी घरांचा हा भाग अजून कुणी लिहून ठेवलेला नाही.